भोंगा वाजायच्या आत एक शाल

किस्से साठतात ते उभ्या जहाजावर. चालत्या जहाजावर कोणाला फुरसत असते! इंजिन बंद पडलं, नांगर टाकला, की माणसं खाली उतरतात आणि काहीतरी घोटाळा करूनच परत येतात. आमचं जहाज स्पेन देशात बिल्बाव नावाच्या शहरात चांगलं तेवीस दिवस उभं होतं. म्हणजे बघा!

सध्या मीही उभाच आहे. गिरगावच्या खोलीत राहून नव्या जहाजाची वाट बघतोय, दिवसातून दोनदा बंदरावर चक्कर मारतोय, एका जागी बूड म्हणून टेकत नाही. तुम्ही आलाच आहात तर बसा आणि ऐका. मी आपला येरझाऱ्या घालत सांगतो.

आम्ही तिघं. मी इंग्रजी चार बुकं शिकलेला, म्हणून जहाजावरची दिवाबत्ती आणि सामानाची कोठी माझ्याकडे. बाबल मालवणकडचा, राहायला लालबागला, आधी परळच्या गिरणीत होता. आणि धाकू वरळी कोळीवाड्याचा.

धाकूची एक अडचण होती. घरची होडी मेहुण्यांच्या हवाली करून तो आगबोटीवर आला, म्हणून बायको हिरू आधीच तापलेली. त्यात दोन वर्षं नारळी पुनवेला हा घरी नाही. या खेपेला निघताना ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "पुनवेला नाय आलास तर मी चालली माहीमला, बापाच्या घरी. मंग कर संसार तुज्या आगबोटीसंगं!"

आणि तिकडे इंजिनाचा दांडा तडकलेला, नवा इंग्लंडहून यायचा. धाकू रोज बोटांवर दिवस मोजायचा. निदान हिरूसाठी एक चांगली शाल तरी न्यायचीच, असं त्याने ठरवलं.

*

आमच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, पहिल्याच दिवशी बजावलं, "जहाजाने तीन भोंगे दिले की तासाभरात सुटणार. मागे राहील तो स्पेनचा!"

आता बिल्बाव हे लोखंडाचं शहर. नदीच्या दोन्ही काठांना कारखाने आणि प्रत्येक कारखान्याला भोंगा! त्यात बाबलचे पाय गिरणीतले. भोंगा वाजला की डोकं विचार करायच्या आत त्याचे पाय सुटायचे. तो पळाला की आम्ही पळायचो. पहिल्या दिवशी चार वेळा जहाजापर्यंत धावत आलो आणि चारही वेळा जहाज आपलं जागच्या जागी!

तिसऱ्या दिवसापर्यंत बाजाराला आमची सवय झाली. भोंगा वाजला की दुकानदार स्वतः उठून दार उघडून धरायचा.

*

शालीच्या दुकानात धाकूची पहिली फेरी. काळी, लांब झालरीची, अंगावर लाल फुलं भरलेली शाल त्याला आवडली. दुकानदाराने दोन्ही हातांची बोटं दाखवली, वर आणखी दोन. धाकूने मुकाट्याने खिसा उलटा करून सगळी नाणी समोर मांडली. दहा भरली. दुकानदाराने मान हलवली, धाकूने नाणी उचलली आणि बाहेर आला.

मी म्हणालो, "अरे, पाचाला माग ना! घासाघीस कर!"

धाकूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला लुगडं नेसायला सांगत होतो. "भाव करनं बायांचं काम. आमी मासली आनायची, त्यांनी विकायची. माज्या बापानंसुद्दा कदी भाव केला नाय!"

मी करून देतो म्हटलं तर तेही नको. "तू काय बाय हाईस?"

*

मासळीबाजारात मात्र त्याचा जीव रमला. तिथे गावोगावच्या कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन पायी येतात, कमरेवर हात ठेवून ओरडतात. एक सत्तरीची म्हातारी तारली, म्हणजे सगळ्यात स्वस्तातली मासळी, घेऊन बसली होती. धाकू सरळ गेला, एक तारली उचलली आणि कल्ला उघडून बघितला.

म्हातारी कडाडली! ताज्या माशावर संशय म्हणजे काय? ती पाच मिनिटं तिच्या भाषेत बोलत होती आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. धाकूच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

मी म्हटलं, "शिव्या घालतेय रे ती तुला."

"घालूं दे," तो म्हणाला. "सा महिन्यांत घरचं कोन बोललं मना?"

त्या दिवसापासून ती आमची मावशी झाली. धाकू रोज सकाळी जाऊन तिच्या पाटीवर पाणी मारायचा, ती रोज त्याला ओरडायची. दोघांचं छान जमलं.

*

एका रविवारी नदीकाठच्या मैदानात फूटबॉलची मॅच होती. एका बाजूला आमच्या जहाजावरचे गोरे साहेब, दुसऱ्या बाजूला गावातली पोरं. आमचा दोन नंबरचा इंजिनियर सगळ्यात जोरात लाथ मारत होता आणि लोक वाहवा करत होते. बाबल ते टक लावून बघत होता. जहाजावर त्या लाथेचा प्रसाद त्याला दोनदा मिळाला होता.

"बघ रे," तो म्हणाला, "ह्योच लाथो जहाजार फुकट जातत, हंय टाळ्यो पडतत!"

पुढच्याच लाथेला चेंडू उडाला तो थेट नदीत! गावात चेंडू तेवढा एकच. ओहोटीचं पाणी त्याला समुद्राकडे ओढू लागलं. दोन्हीकडची माणसं काठाने खाली धावत सुटली.

धाकूने एकदा पाण्याकडे बघितलं, धक्क्याच्या खांबावरच्या पाण्याच्या खुणेकडे बघितलं आणि उलट्या दिशेला, वरच्या अंगाला चालू लागला. लोक हसायला लागले. हा आपला पायऱ्यांवर बसला, विडी पेटवली. मी ओरडलो, "अरे, चेंडू तिकडे गेला!"

"गेला तर येईल. पानी आता भराया लागंल."

दुसरी विडी संपायला आणि भरतीबरोबर चेंडू परत यायला एकच गाठ पडली! धाकूने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि उचलला.

उरलेल्या वेळात गावच्या पोरांनी गोल मारला. साहेब हरले.

*

मग काय विचारता! ढोल, पिपाण्या, नाच. एका धिप्पाड माणसाने धाकूला खांद्यावर घेतलं, कोणी त्याच्या लाल कोळी टोपीवर आपली लाल टोपी चढवली. बाबल तर त्यांच्या पोरांच्या साखळीत शिरून शिमग्यातल्यासारखा नाचत होता. आयुष्यात पहिल्यांदा साहेब हरल्याचा आनंद उघड्यावर करता आला, खोटं कशाला बोलू!

एवढ्यात नदीतल्या झाडून सगळ्या बोटींनी आनंदाने भोंगे दिले. तीन कसले, तीस झाले असतील! बाबलचे पाय सुटले. मागे मी. धाकू खांद्यावर अडकलेला, तो खालच्या माणसाच्या डोक्यावर थापा मारत ओरडायला लागला, "चल, चल, हिरू जाईल माहीमला!" तो माणूसही त्याला घेऊन धावला. गावाला वाटलं आता मिरवणूक पळत काढायची. सगळा जमाव आमच्या मागे!

कप्तानाने वरून बघितलं. पुढे तीन खलाशी जीव घेऊन पळताहेत, मागे ढोल वाजवत शे-दोनशे माणसं! त्याला वाटलं, दंगा झाला. त्याने शिडी वर ओढून घेतली.

सारंगाने वरून कपाळावर हात मारला, "तिघं गेला होतात रे, गाव कशाला घेऊन आलात!"

*

तेविसाव्या दिवशी सकाळी खरे तीन भोंगे झाले. शाल अजून दुकानातच! धाकू मासळीबाजारात धावला आणि मावशीचा हात धरून, पाटीसकट तिला दुकानात घेऊन आला. शाल दाखवली, नाणी तिच्या हातात दिली, हात जोडले.

म्हातारी समजली. तिने एका हाताची चार बोटं दाखवली. दुकानदार हसला. भोंगा त्यानेही ऐकला होता, त्यामुळे तो बारा सोडायला तयार नव्हता. मी दारात नाचतोय, बाबल अर्ध्या वाटेवर पोचलेला, धाकूला घाम फुटलेला. मावशीला कसलीच घाई नाही. तिने डोक्यावरची पाटी दुकानाच्या उंबऱ्यावर उतरवली आणि शेजारी ठाण मांडून बसली. उन्हातल्या तारल्यांचा वास रेशमी कापडावर पसरला. दोन गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून निघून गेली.

पाचाला सौदा झाला. शिडी उचलता उचलता आम्ही जहाजावर उडी घेतली.

*

मुंबईला पोचलो तो पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. एका दिवसाने हुकली! धाकू एकटा जायला तयार होईना, म्हणून साक्षीला मी बरोबर गेलो. हिरू ओटीवर बसलेली. शेजारी बोचकं बांधलेलं.

धाकूने शाल पुढे केली. तिने झालर ओढून बघितली, कापड बोटांत चोळलं, उलटी बाजू बघितली.

"केवड्याला?"

धाकूने सांगितलं. हिरूने वर बघितलं.

"दुकानदारानं सांगितली केवड्याला?"

तेही त्याने सांगितलं. शेजारच्या दोघी आपापली कामं टाकून जवळ आल्या. हिरू शांतपणे म्हणाली, "हा भाव तू केला नाय. कोन हाय ती?"

धाकूने मला पुढे ढकललं. मग मीच सगळं सांगितलं. मासळीवाली, सत्तरीची, पाटी उंबऱ्यावर. ओटीवर कोणी हसलं नाही.

"पाटीत काय व्हतं?" हिरूने विचारलं.

"तारली."

"तारलीवर बाराचं पाच केलं?"

"हो."

धाकू बोचक्याकडे बघत होता, मी धाकूकडे. मग तिने शाल खांद्यावर टाकली, बोचकं उचललं आणि धाकूच्या हातात दिलं.

"हे असंच बांदलेलं ऱ्हाऊं दे. पुडल्या खेपेला मी येतंय तुज्यासंगं. मना ती बाय बगायचीय."