हवेचं भाडं

रिकामी जागा दिसली की ज्याला चैन पडत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. त्यांच्याकडून खर्ड्याहून निघताना आमच्या पिशव्या तेच भरत. कुकर रिकामा जायचा नाही, त्यात तूरडाळ; डाळीत पेला, पेल्यात लवंगांची पुडी. एका लग्नात त्यांनी आहेराची भांडी एकमेकांत इतकी चपखल बसवली, की सावेडीला घरी आल्यावर आमच्या पातेल्यातून दुसऱ्याच कुणाची साडी निघाली. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपायची सोय न्हाई. काहीतरी भरून ठेवतील."

खर्ड्यातल्या सात बायकांच्या कुरडया मी पुण्याच्या एका दुकानाला पाठवायला लागले, तेव्हा मामांना त्यांचं खरं काम सापडलं. सातही जणी दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या. कुरडया खपत राहिल्या तर यंदा घर सोडायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. अडचण होती ती भाड्याची. कुरडई वजनाला हलकी, आकाराला फुगलेली. पार्सलवाले खोक्याचा आकार बघून पैसे लावत आणि कमाई तिथेच संपे. मामांनी एक खोकं उघडून आत हात घातला. "सूनबाई, तू कुरडया न्हाई, हवा पाठवतीस पुन्याला. ती तिथं हाय की."

मग बशीएवढी कुरडई वाटीएवढी झाली. तिच्या मापाची खोकी आली, कोपऱ्यांत चुऱ्याच्या पुड्या बसल्या. दर आठवड्याची बारीकसारीक पार्सलं थांबवून महिन्यातून एकच खेप ठरली. जामखेडला माल टाकून पुण्याकडे रिकामे परतणारे ट्रक मामांना तोंडपाठ झाले. रस्त्यावर उभे राहून ते ड्रायव्हरला म्हणत, "रिकामा गेलास तरी डिझेल जळनारच ना? मग आमचीच खोकी जड व्हत्यात व्हय?" भाडं निम्म्यावर आलं. मी त्यांना तपासणीची यादी करून दिली: गाडी कोरडी, झाडलेली, ताडपत्री धड, वास नाही. दर खेपेला चारही ठिकाणी बरोबरची खूण करून ते मला फोटो पाठवत.

दिवाळीआधीची मोठी खेप परत आली. दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, कुरडई तळली की सुकटीचा वास येतो. गिऱ्हाइकं आणून टाकतायत. यापुढे नको." त्या ट्रकमधून आधी जामखेडला सुकट घातलेलं कोंबड्यांचं खाद्य आलं होतं.

मी यादी घेऊन खर्ड्याला गेले, भांडायलाच. "वास नाही, अशी खूण केलीत कशी?"

मामांनी यादी माझ्या हातातून घेतली. "मला न्हाईच आला. मागल्या साली ताप आलता, तवापासनं कशाचाच वास येत न्हाई. सांगितलं असतं, तर तू दुसरा मानूस बघितला असता."

मामींनाही हे ठाऊक नव्हतं. भाकरी करपली तरी नवरा कुरकुरत नाही, हे त्या इतके दिवस सुखच मानत होत्या. आणि तपासणाऱ्याचं नाक चालतं का, हे माझ्या यादीत नव्हतं.

सातांपैकी पाच जणींच्या घरांनी मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली. जायच्या सकाळी चौकात ट्रॉली लागली, तेव्हा मामा न बोलावता आले. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. ते वर चढले, सगळं सामान उतरवलं आणि पुन्हा रचलं: हंड्यात पातेली, पातेल्यांत पीठ, पेट्यांच्या फटीत कोयते. पोरांना पाय लांब करून बसता येईल एवढी जागा निघाली. तिथे त्यांनी वाकळ अंथरली आणि खाली उतरले.

ट्रॉली सुटता सुटता एकीने कुरडयांचा सोऱ्या त्यांच्या हातात दिला. "ह्यो तुमच्याकडं ठेवा, मामा. गुढीपाडव्याला आलो की लागंल."

मामांनी तो घासून, तेलाचा हात लावून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. पाडव्याला अजून बराच अवकाश आहे.