लाल दिव्याची मिसल

बाबांनी कचेरीच्या लिलावात जुनी मोटार घ्यायचं काढलं, तेव्हाच माय म्हणाली होती, "हे डबडं घरी नोका आणू." आणलंच. तिसऱ्या महिन्यात स्टिअरिंगसमोरचा तेलाचा लाल दिवा लागला, तो काही केल्या विझेना. हा दिवा लागला म्हणजे इंजिनाला तेल पोचत नाही, गाडी जागीच थांबवायची, असं बाबांना कुणीतरी शिकवलेलं. तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल भरपूर.

मावला गावचा मिस्त्री आला. तेलुगू-हिंदीची खिचडी करत म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, तेलाची खबर देणारा कापसाच्या बोंडाएवढा पुर्जा तेवढा बिघडला. नवा हैदराबादहून मागवा, नाहीतर वायर उपटून टाका. शेजारी एक काका राहायचे, जन्मभर सरकारी जीप चालवलेले. ते म्हणाले, "लाल दिव्याले खोटं नोका समजू भाऊ, इंजिन जाम होते."

दुसऱ्या कुणी तिथल्या तिथं ठरवलं असतं. पण बाबा तहसीलमध्ये कारकून. वरच्याची सही असल्याशिवाय त्यांनी कधी पेन्सिलसुद्धा तासली नव्हती. "धोक्याची निशाणी बिना हुकमाची काऊन विझवायची?" म्हणाले, आणि घरात मिसल उघडली. मिसल म्हणजे फाइल. त्यांच्या कचेरीत अजून निजामाच्या वेळचाच शब्द चालायचा. लाल फीत, पानांवर नंबर. विषय : मोटारीच्या दिव्याची दुरुस्ती करावी किंवा कसे.

आणि इकडं शनिवारी सकाळी दहा वाजता निर्मल गावच्या एका शाळेत माझी मुलाखत! बी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं कार्डावर स्पष्ट लिहिलेलं.

"मी बसनं जाते," मी म्हटलं.

"घरी मोटार असून पोरगी बसनं काऊन जाईन? मिसल चालू आहे, दोन दिवसांत होते."

मिसल मायकडं अभिप्रायाला गेली. तिनं चुलीपासून उठून लिहिलं, "विकून टाका." खाली शेरा पडला, "विषयाशी संबंध नाही. परत." मिस्त्रीनं आपलं म्हणणं तेलुगूत लिहून दिलं, म्हणून तर्जुमा हवा, तर्जुमा करणारे गुरुजी बासरला दर्शनाला गेलेले. मी रागारागानं लिहिलं, "वायर उपटा." त्यावर शेरा, "अर्जदार हितसंबंधी असल्याने मत ग्राह्य नाही." माझं टाळकंच फिरलं. बाप आहे का तहसील!

शनिवारी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून तयार. बाबा मांडीवर मिसल घेऊन बसलेले. "शेवटचं लिहून राह्यलो, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत सातची बस गेली. पुढची काही दहाच्या आत पोचणारी नव्हती.

मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले. तोंडाला येईल ते बोलले. "घेऊन बसा तुमचा कागद जन्मभर! वाटोळं केलं माझं!" बाबा मिसलीकडं पाहत राहिले. हुकमाची जागा कोरीच होती. तिथं सही करणारा त्यांच्या वरचा माणूस घरात कुणी नव्हताच, आणि हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं.

ते उठले, मोटारीत बसले, गाडी चालू केली. दिवा लालभडक.

"काय ठरलं मग?" मी खिडकीतून विचारलं. "दिवा खरा का खोटा?"

"मले काईच समजून नाई राह्यलं, पोरी. भेव लागते मले. पण चाल, तुले पोचवतो."

वाटभर ते रस्त्याइतकंच त्या दिव्याकडं पाहत होते. पावणेदहाला मी शाळेच्या फाटकापाशी उतरले, तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. सकाळी बोललेलं सगळं गिळून टाकावंसं मला वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बाबा, सावलीत बसा."