आत्याची चौकट

तेव्हाच्या आमच्या संगणकावर फोटो वरून खाली उतरत यायचा. आधी भिंत, मग पटका, कपाळ, डोळे. स्कॅनरच्या झाकणाखालून उजेडाची पट्टी सावकाश सरकायची आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या मधल्या खोलीत, रविवारच्या दुपारी, गेलेली माणसं एकेक करून पडद्यावर यायची. वडील खुर्ची ओढून शेजारी बसायचे. रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटत.

वंशावळीचं एक सॉफ्टवेअर मी सीडीवरून घातलं होतं. प्रत्येक माणसाला एक चौकट. चौकटीत फोटो, जन्म, लग्न, मृत्यू. भावंडांच्या चौकटी वयाप्रमाणे डावीकडून उजवीकडं आपोआप लागत. घराण्याविषयीच्या प्रेमापोटी हे करतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला भरलेल्या चौकटी बघायला आवडायचं.

शाळेच्या दाखल्यांवरून वडिलांची आणि शिरोळच्या आत्याची जन्मतारीख भरली, तेव्हा पडद्यावर पिवळी सूचना आली. वडील एक जूनचे, आत्या त्याच वर्षीची एक डिसेंबरची. एकाच आईची दोन मुलं सहा महिन्यांच्या अंतरानं कशी, असं ते विचारत होतं.

वडील हसले. "मास्तर अंदाजानंच तारखा घालायचे. माझी जूनची घातली, हिची कुठंतरी पुढं ढकलली. मी थोरला, एवढं खरं. 'दुर्लक्ष करा' असं बटण आहे न्हवं? दाब की ते."

ते थोरले, यात कधी कुणाला शंका नव्हती. आत्या त्यांना दादा म्हणायची. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की वाकून त्यांच्या पाया पडायची, आणि ते थोरलेपणानं तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. तिनं शेतात काय लावावं, लेकी कुठं द्याव्यात, हे तेच सांगायचे.

मी बटण दाबलं नाही. ती पिवळी खूण मला डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखी खुपत राहिली.

दिवाळीच्या आधी शिरोळला गेलो. सोबत एका जुन्या फोटोची मोठी केलेली प्रत घेतली. जत्रेत काढलेला फोटो. लहानगी आत्या, तिच्या कडेवर तिला न पेलवणारं एक पोर. आमच्याकडं ते शेजाऱ्यांचं समजत.

"या की पावणं!" सोप्यात शेंगा फोडत बसलेली आत्या म्हणाली. बऱ्याच दिवसांनी गेलो की ती मला असं टोचायची. मग फोटो हातात घेऊन तिनं लांब धरला, जवळ धरला. "ह्यो तुझा बा न्हवं का? कसा गुटगुटीत हुता बघ. कंबर मोडायची माझी."

"म्हणजे तू थोरली?"

"व्हय की. दोन-अडीच वर्सांनी." तिचे हात थांबले नाहीत. "त्याला शाळंत घालाय गेलतो, तर ह्यो रडाय लागला. मग तुझ्या आज्यानं, आबानं, मलाबी त्याच्यासंगं बसवलं. मास्तरला म्हणालं, पोरगा थोरला लिवा, पोरीचं वय कमी असल्यालं बरं. त्याला शाळंची सवय लागली, मग मला घरी ठिवलं."

"आणि दादा का म्हणतेस?"

"घरात म्हणाय लावलं. दादा म्हटलं की छाती कशी फुगायची त्याची!" ती एकटीच हसली. "अंगानं मी बारकी, तो झपझप वाढला. इसरला बिचारा. आता त्याला काय बोलू नगंस."

मी मान डोलावली.

परतीच्या एसटीत डुलकी लागली. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, मधून संध्याकाळचा उजेड, आणि त्या उजेडातून एक लहान मुलगी कडेवरचं पोर सावरत गाडीबरोबर चाललेली. ती दमत नव्हती. गाडीतून उतरल्यावरही ती माझ्या मागून येतेय असं वाटत होतं.

घरी येऊन मी आत्याच्या जन्माचं साल मागं घेतलं. पिवळी खूण विझली. दोन चौकटी हलल्या, आणि आत्याची चौकट वडिलांच्या डावीकडं जाऊन बसली. मला फार समाधान वाटलं. हे लिहिताना त्या समाधानाची लाज वाटते.

वडील चहा घेऊन आले. "ही डावीकडं कशी गेली?"

यंत्राची चूक, असं म्हणता आलं असतं. त्यांना ते पटलंही असतं. पण मी सगळं सांगून टाकलं. खरेपणानं सांगितलं की शोध लावल्याच्या तोऱ्यात, ते मला आजही ठरवता येत नाही. वडिलांच्या हातातल्या चहावर साय धरली.

"तिला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि तरी पाया पडायची," ते म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतरच्या रविवारी ते माझ्याजवळ येऊन बसले नाहीत.

भाऊबीजेला आत्या आली. वडील पाटावर बसले. निरांजनाचा उजेड त्यांच्या तोंडावरून गोल फिरला. तबक खाली ठेवून ती नेहमीसारखी वाकू लागली, तसे वडिलांनी पाय मागं घेतले. गुडघ्यावर हात टेकत कष्टानं उठले आणि तिच्या पायांशी वाकले.

"आरं दादा, खुळा झालास का काय?" आत्या दोन पावलं मागं सरली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यभर तिनं भावासाठी जे गुपचूप सांभाळलं होतं, ते मी तिला न विचारता मोडलं होतं. मी तबकाकडं बघत राहिलो.

वडील वाकलेलेच होते. "अक्का," ते म्हणाले. थोरल्या बहिणीला आमच्याकडं हाक मारतात तशी. पण त्यांच्या तोंडात तो शब्द अडखळला.

आत्यानं ओ दिली नाही. कुणाला हाक मारतोय म्हणून तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं.