खुरप्यानं काढलेली माती

अक्का, मी निघाले त्या दिवशी तू एस.टी.च्या खिडकीला धरून चार पावलं पळालीस, आणि मागून आई ओरडत आली, "अगं रवी! रवी राहिली!" लग्नाच्या गडबडीत ताक घुसळायची रवी चुलीपाशीच राहिली होती. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आईनं रवी खिडकीतून आत सरकवली, आणि यांच्याकडची माणसं हसली. काशीला काय रव्या मिळत नाहीत? अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "लोक काशीला मरायला जातात, माझी लेक नांदायला चाललीय. आता तिकडचीच हो पोरी. मागं बघू नको."

मी तिकडची व्हायला बघितलं गं. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत यात्रेकरूंसाठी जुनं उतरण्याचं ठिकाण आहे, तिथं हे व्यवस्था बघतात आणि मी स्वयंपाक करते. महाराष्ट्रातून माणसं येतात, मणिकर्णिकेचं उरकून सुतकी तोंडानं परततात, मी त्यांना वरणभात वाढते. कुणी साताऱ्याकडचं भेटलं की मी दाराआड उभी राहून नुसतं बोलणं ऐकते. समोर जायचं मला अजून जमत नाही. ह्यांचं मराठी पहिल्यापासून निराळं. "सब्जी चढवलीस का?" "जरा जल्दी कर." त्यांच्या चार पिढ्या इथं गेल्या. मी बोलताना 'घरी असं करतात, घरी तसं करतात' म्हटलं की ते चिडवायचे, "घर घर काय लावलंयस? मग ही काय धर्मशाळा आहे?" मी म्हणायची, "आहेच की!" आणि दोघं हसायचो. पण खरं सांगते, इतकी वर्षं माझ्या तोंडात घर म्हणजे तिकडचंच होतं.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण माझं डोकं तापलंय. गेल्या आठवड्यात दादानं मोबाइलवर फोटो पाठवला. गावच्या वेशीत भलामोठा फ्लेक्स. मध्ये माझी लेक ऋतू, गळ्यात परदेशातलं कुस्तीचं सोन्याचं पदक. वर दादा, गॉगल लावून, ऋतूपेक्षा मोठा. खाली लिहिलंय, 'गरिबीला चीत करणारी आमच्या गावची वाघीण.' तू तर तो रोज बघत असशील.

गरिबीला चीत? आमच्या घरात ऋतू एक दिवस उपाशी निजली नाही. यात्रेकरू जेवतात तेच ती जेवली, वर दूध. इथल्या पेपरातही तेच आलं, गरीब स्वयंपाकीण आई, अंधारी खोली. खोलीला दोन खिडक्या आहेत! गरिबीला तोंड नसतं ना, ती उठून म्हणत नाही की मी नव्हते. म्हणून सगळं तिच्या माथी मारायचं. माझ्या लेकीच्या वाटेत जे आडवे आले त्यांना नावं आहेत, आणि आता तेच हार घेऊन पुढं उभे आहेत.

तुला आपल्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आठवतो? बायकांनी तिकडं फिरकायचं नाही. आपण दोघी गिरणीच्या पत्र्यावर चढून बघत होतो, आणि दादानं मला वेणीला धरून खाली ओढलं. तालमीची माती भिजवायला ताक मात्र आपल्या घरून जायचं. आई पहाटे उठून घुसळायची, आपण दोघी दोऱ्या ओढायचो, अण्णा कळशी घेऊन जायचे. ताक आपल्या हातचं चालायचं, पाय चालायचा नाही. तेव्हा मला यात काही वाटलं नव्हतं. चौथीनंतरची शाळा नदीपलीकडे होती, दादा गेला, मी गेले नाही, त्यातही काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

ऋतू लहान होती, दुसरी-तिसरीत. घाटाकडं जाताना वाटेत आखाडा लागतो. ती रोज कठड्याला लोंबकळून बघायची. एक दिवस मी भाजी घेऊन येत होते, तर बाईसाहेब कठडा ओलांडून आत! नुसती पळत गेली, मातीत एक कोलांटी मारली, हसली. आखाड्याचे उस्ताद धावले. "ए लड़की! हट! मिट्टी असुद्ध कर दी!" तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मग अक्का, त्यांनी काय केलं माहीत आहे? जिथं जिथं तिचं पाऊल उमटलं होतं, तिथली माती खुरप्यानं खरवडली आणि गल्लीत फेकली. वर गंगाजल शिंपडलं.

ऋतू तोवर रडली नव्हती. ती माती फेकताना बघून रडली. मला विचारते, "आई, माझ्या पायाला काय लागलंय?"

तू ओळखतेसच मला, चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. मी खाली वाकले, ती फेकलेली माती पदरात भरली आणि निघाले. मागून कुणीतरी हसलं. हसू दे.

त्या साली पूर मोठा होता. पाणी उतरलं की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ साचतो, पंप लावून तो पुन्हा नदीत ढकलतात. मी राजा घाटावरून घमेली भरभरून गाळ आणला. आमच्या मागं जुना गोठा होता, गाय कधीच गेली होती. हे म्हणाले, "हे काय मांडलंयस?" मी म्हटलं, "तुम्ही घमेलं उचला." त्यांनी उचललं. माती वाळवली, चाळली, शिंपले वेचले. हळद घातली, सरसोंचं तेल, निंबाचा पाला, लिंबं पिळली. आणि आईची रवी काढून ताक घुसळलं. ते ताक ओतलं आणि सगळ्याच्या वर ती पदरातली माती पसरली. ऋतूला म्हटलं, "उतर."

शिकवायला रामधनी चाचा आले. आमच्याकडं दूध घालायचे, तरुणपणी त्याच आखाड्यातले पहिलवान. त्यांचे जुने सोबती गल्लीत अडवून पोरी लढवण्यावरून टोमणा मारायचे, "का रामधनी, अब लइकी लड़इबा?" चाचा दुधाची बरणी न ठेवताच उत्तर द्यायचे, "का करीं? तोहार लइका त लड़ते नाहीं!" तुमची पोरं लढतच नाहीत तर मी काय करू! पण त्या लोकांनी चाचांना आखाड्यात येणं बंद केलं. दर नागपंचमीला जिथं त्यांनी माती कपाळाला लावली, तिथं त्यांना नको झालं. ते आमच्या गोठ्यातली माती कपाळाला लावायला लागले. मागच्या हिवाळ्याआधी ते गेले, पदक बघायला राहिले नाहीत. एकाही भाषणात त्यांचं नाव नाही.

पोर तयार झाली. एक पाय खेचून एकेरी पट काढायची तर समोरचीला कळायच्या आत पाठ मातीला. मग मोठ्या स्पर्धांसाठी राज्याच्या संघाची निवड आली. कचेरीतला माणूस कागद बघून म्हणाला, "मराठी हैं? तो महाराष्ट्र से खिलाइए न!" ह्यांच्या पणजोबांपासून सगळे मणिकर्णिकेला जळले, आणखी कोणता दाखला हवा होता? हे परत आले आणि न जेवता झोपले. मग मी दादाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं गं. म्हटलं, "तिचं नाव आपल्याकडून लागेल का बघ." दादा म्हणाला, "तसले घट्ट कपडे घालून पोरगी उतरणार आणि नाव आपल्या गावाचं? माझ्या पोरी उजवायच्या आहेत अजून. आणि कुसे, तू आता तिकडचीच ना?"

अण्णांचं वाक्य, पण अण्णांनी ते असं म्हटलं नव्हतं.

इकडचे म्हणतात तिकडचे, तिकडचे म्हणतात इकडचे. ते वर्ष वाया गेलं. ऋतू रोज मातीत सराव करत राहिली. त्यातच गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, आता खेळ विसरा. ती भिंतीला धरून चालायला शिकली, चाचा रोज तिच्या गुडघ्याला तेल चोळायचे. पुढं ती पुन्हा उतरली आणि एकामागून एक सगळ्यांना लोळवून आली, तेव्हा नाव मराठी असल्याचं कचेरीत कुणाला आठवलं नाही. आता ती 'काशी की बेटी' आहे. वेशीवर 'आमच्या गावची' आहे. गुडघा फिरला तेव्हा ती कुणाची होती, ते कुणीतरी मला सांगा.

परवा त्या आखाड्यानं तिचा सत्कार ठेवला. मला जायचं नव्हतं. ऋतू म्हणाली, "आई, तू चल, आणि पोरींना पण घेऊ." पोरी म्हणजे आमच्या गोठ्यात आता सकाळी येतात त्या. नावाड्याची आहे, साडीच्या दुकानातल्या माणसाची आहे, एक अगदीच चिमुरडी, नाक पुसत लढते. ऋतूसारखे केस कापून घेतलेत सगळ्यांनी.

तेच उस्ताद, आता पांढरे झालेत. भाषण झालं, गरिबी झाली, हार झाले. मग फोटोवाला म्हणाला, दीदी मातीत उभ्या राहिल्या तर मस्त येईल. उस्तादांनी हात पसरले. "आओ बिटिया, तुम्हारी ही मिट्टी है।" मला ते खुरपं दिसत होतं, अक्का. डोळ्यांसमोर.

ऋतूनं चपला काढल्या. पोरींनीही पटापट काढल्या, त्यांना वाटलं सगळ्यांनीच जायचं. एका शिष्यानं दोन्ही हात आडवे केले. "तुम लोग उधर। माताजी, आप भी बाहर से देखिए।"

ऋतू थांबली. "ये क्यों नहीं?"

उस्ताद हसून म्हणाले, "अरे बिटिया, तुम्हारी बात अलग है।"

तिची गोष्ट वेगळी! सोनं आणलं म्हणून पाय शुद्ध झाला. उद्या ती हरली तर पुन्हा खुरपं आणणार का? मी हे मनात म्हणत होते. चिमुरडी आपल्या उघड्या पायांकडं बघत होती. खाली वाकून, एक पाय दुसऱ्यावर घासत. ऋतूनं विचारलं होतं तेच ती आता विचारणार, हे मला कळलं, आणि ते मला दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

माझा आवाज निघाला. केवढ्यानं निघाला मलाच कळलं नाही. त्या सगळ्या हिंदीत मी मराठीत म्हणाले, "चला गं पोरींनो. घरी चला."

पोरींना मराठी येत नाही, पण 'घरी' कळलं त्यांना. ऋतूनं गळ्यातला हार काढला, कठड्यावर ठेवला, चपला हातात घेतल्या. फोटोवाला "दीदी, एक मिनट" म्हणत राहिला. आम्ही तशाच, निम्म्या पोरी अनवाणी, गल्लीतून आलो. वाटेत ऋतू माझ्याकडं बघून हसायला लागली. "आई, तू ओरडलीस!" मी म्हटलं, "गप बस." घामानं माझं पोलकं भिजलं होतं. दारात हे उभे होते. म्हणाले, "इतक्यात आलात घरी?" तेव्हा मला उमगलं की मी तिथं कोणता शब्द बोलून आले होते.

काल दादाचा फोन आला. "कुसे, रविवारचा सत्कार धरलाय. मिरवणूक आहे, आमदार येतायत. दोघी कधी निघताय?"

मी म्हटलं, "दादा, तुझ्या पोरींना आधी फडात उतरव. त्यांना बघायला आम्ही दोघी येऊ." तो म्हणाला, "तू लई बोलायला लागलीस." मी म्हटलं, "ठेवते. माती भिजवायची राहिलीय."

हे तुला पाठवणार नाही. तुला वाचता येत नाही, आणि दादाच्या सुनेकडून वाचून घेशील तर सगळ्या आळीला कळेल. पण तू ये. फ्लेक्सवर बघू नको, इथं येऊन बघ. लांबून पत्र्यावरून नाही, अगदी मातीच्या कडेला बस. आईची रवी झिजलीय, दोरी दोनदा बदलली. ताक घुसळायला दुसरी बाजू धरणारं कुणी नाही. चपला दारात काढ आणि आत ये.