शंभरच्या आत

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता. तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण स्पोर्ट्स बाइकवर कसं बसायचं हे ते भल्याभल्यांना खडसावून सांगत. त्यांच्या गॅरेजात इंजिनाला कुणी हात लावत नसे. ते फक्त रस्त्याचे धक्के झेलणारे भाग, म्हणजे पुढचे फोर्क, मागचा शॉक आणि त्यावरची स्प्रिंग, एवढंच बघत. तरुणपणी एका रेसिंग टीमबरोबर अकरा वर्षं फिरले, तिथे हे काम शिकले. टीम बंद पडल्यावर टायरच्या गोदामाला लागून एक गाळा घेतला आणि तिथेच केस पांढरे केले.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. कंपनी गाडी बनवते ती एका सरासरी वजनाच्या माणसासाठी, आणि तो सरासरी माणूस काही अजून आपल्या दारात आलेला नाही. म्हणून प्रत्येकाची गाडी त्याच्या वजनाला जुळवून घ्यायची. मागचं चाक हवेत उचलून चाकापासून सीटखालपर्यंत एक माप घ्यायचं, मग माणसाला हेल्मेट-जॅकेटसकट बसवून दुसरं. दोन्हींत तीस-पस्तीस मिलिमीटरचा फरक आला की गाडी बरोबर बसली. जास्त आला तर शॉकवरची कडी आवळून स्प्रिंग दाबायची. माणूस फारच भारी असेल तर नुसत्या कडीनं भागत नाही, स्प्रिंगच जाड घालावी लागते.

रविवारी सकाळी त्या गाळ्यात आमचा अड्डा जमायचा. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद असतं. आम्ही सात-आठ जण उलट्या टाकलेल्या क्रेटांवर बसून चहा प्यायचो आणि मास्तरांचा तमाशा बघायचो. तमाशा म्हणजे असा, की नवा माणूस आला रे आला, मास्तर आतूनच ओरडायचे, "वजन किती?" उत्तर काहीही येवो, त्यावर त्यांची एक कोटी तयार असे. स्वतः पंचावन्न किलोचे, वाऱ्यानं उडतील असे. एका बारीक पोराला म्हणाले होते, "तुझ्यासाठी स्प्रिंग कशाला, पेनातली घालतो." आम्ही पोट धरून हसलो होतो. तो पोरगाही हसला होता. त्यामुळे कुणाला काही लागत असेल असं आमच्या मनातही आलं नाही.

त्या रविवारी ग्रंथपाल आले.

ते मोठ्या वाचनालयात होते. चाळिशी ओलांडलेले, अंगानं चांगलेच भरलेले, आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावं लागे. गाडी मात्र गडद लाल, नवीकोरी. गाडी लावून त्यांनी हातमोजे काढले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, "वळणावर जरा हलल्यासारखी वाटते. तुमचं नाव ऐकलं म्हणून आलो."

"वजन?" मास्तर आतून.

ग्रंथपालांनी आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "शंभरच्या आत."

मास्तर हातातला पाना घेऊन बाहेर आले. त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "शंभरच्या आत कोण? तुम्ही, की तुमचा डावा पाय?"

आम्ही हसलो. मीही हसलो. माझ्या हातातला चहा हिंदकळला इतका हसलो.

ग्रंथपालही हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "ब्याण्णव. ब्याण्णव आहे माझं वजन."

"बसा मग. माप घेतो."

"नको, मोजायचं राहू दे. मला घाई आहे. तुम्ही अंदाजानं लावा."

मास्तरांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग खांदे उडवले. "तुम्ही म्हणता ब्याण्णव, तर ब्याण्णव." खाली बसून त्यांनी शॉकची कडी थोडी आवळली, फोर्कचा स्क्रू दोन क्लिक फिरवला आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. ग्रंथपालांनी तीनदा आभार मानले. ते गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "गाडीला विचारायला हवं होतं, तिनं खरं सांगितलं असतं." आम्ही पुन्हा हसलो.

गुरुवारी दुपारी मास्तर माझ्या दुकानात आले. ते असे कधी येत नसत. दारातच म्हणाले, "तो वाचनालयवाला पडला. घाटाच्या उतारावर, वळणात. हॉस्पिटलात आहे. चल माझ्याबरोबर." मी दुकान भावाच्या भरवशावर टाकलं.

रिक्षात मास्तर बाहेर बघत होते. म्हणाले, "त्या वळणात एक खोलगट भाग आहे. तिथे शॉक पार तळाला गेला असणार. गाडी खाली बसली, पाय ठेवायचा दांडा रस्त्याला घासला, आणि गाडी बाहेर फेकली गेली. दुसरं काही होऊच शकत नाही."

"पण त्यानंच वजन खोटं सांगितलं ना," मी म्हणालो.

"मला कळलं होतं."

"काय?"

"खोटं आहे ते. पंचवीस-तीस किलोंनी खोटं. तीस वर्षं मी माणसं गाडीवर बसवतोय. मला दिसत नव्हतं होय?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, लावू दे ब्याण्णवला. चार दिवसांत येईल कुरकुरत, मागून बसतेय म्हणून. मग सगळ्यांसमोर विचारेन, आता खरं सांगा. जिरवायची होती मला त्याची."

मीही बाहेर बघायला लागलो. कारण तो रविवार आला असता, तर मी हसायला सगळ्यांत पुढच्या क्रेटवर बसलो असतो.

ग्रंथपालांचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि मनगटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. खाटेशेजारी त्यांची थोरली बहीण बसली होती. आम्हाला बघून ग्रंथपाल उठायला लागले, तर बहिणीनं त्यांना दाबून बसवलं. तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. भूल द्यायची होती, तिला माहिती भरून हवी होती. वय झालं, ॲलर्जी झाली, मग तिनं विचारलं, "वजन?"

ग्रंथपालांनी आमच्याकडे बघितलं.

"वजन सांगा. औषध त्यावर ठरतं. अंदाजे नको."

ग्रंथपालांनी डोळे मिटले. "एकशे एकोणीस."

नर्सनं आकडा लिहिला आणि ती गेली. तिच्या दृष्टीनं तो नुसता आकडा होता. मास्तर भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे बघत राहिले, जणू त्यातलं एखादं बटण त्यांना दुरुस्त करायचं होतं. बहीण आपल्याच मनाशी बोलल्यासारखी म्हणाली, "घरात वजनकाटासुद्धा ठेवू देत नाही हा. मी आणला होता, तर दुसऱ्या दिवशी माळ्यावर."

"ताई," ग्रंथपाल म्हणाले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमचा काही दोष नाही. खोटं मी बोललो. मला फार लाज वाटते त्याची."

मास्तरांचे ओठ हलले. आता सांगतील, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "गाडी मी नीट करून देतो." एवढंच. बाहेर येईपर्यंत त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

पुढचे चार रविवार गॅरेज बंद होतं. मास्तर आत एकटेच ग्रंथपालांच्या गाडीवर काम करत होते. वाकलेला दांडा बदलला, टाकी रंगवून आणली, मागे जाड स्प्रिंग घातली, फोर्कमध्येही घातली. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "त्यांना सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय? मी पडलेय का गाडीवरून?"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन वाचनालयात गेले. एकटं जायचा धीर नव्हता. ग्रंथपाल हात गळ्यात बांधून नुकतेच कामावर आले होते आणि टेबलामागे बसून डाव्या हातानं शिक्के मारत होते. समोरच्या लांब टेबलांवर वीस-पंचवीस माणसं वाचत बसली होती. पंख्यांचा तेवढा आवाज.

मास्तरांचा आवाज गॅरेजातला. कंप्रेसरवरून ऐकू जायला हवा असा. त्यांना दुसरा आवाज ठाऊकच नव्हता. "साहेब," त्यांनी सुरुवात केली, "मला माहीत होतं. तुम्ही ब्याण्णव म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं, की तुम्ही शंभराच्या खूप वर आहात. एकशे एकोणीस मला दिसत होतं, तरी मी..."

सगळी डोकी वर झाली. एका बाईंनी चष्मा काढून बघितलं. ग्रंथपालांचे कान त्या रविवारसारखेच लाल झाले. त्यांनी शिक्का खाली ठेवला.

"हळू," ते म्हणाले. "हळू बोला."

त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथे बांधणीला जायच्या पुस्तकांचे ढीग होते. दार लावून ते आमच्याकडे वळले. मग म्हणाले, "गॅरेजात तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. इथे सगळ्यांसमोर माफी मागताय. दोन्ही वेळा मधे मीच उभा."

मास्तरांची मान खाली गेली ती वर येईना. "मला अक्कल नाही," ते म्हणाले. ह्या वेळी खरंच हळू. "माणूस मोजता येतो मला, बाकी काही येत नाही."

"तुम्हाला कळलं होतं, हे मला आज कळलं," ग्रंथपाल म्हणाले. "मी महिनाभर स्वतःलाच शिव्या देत होतो." त्यांचा आवाज चढला नाही. "माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि एकदा खोटं बोलून झालंय माझं."

मास्तरांनी मान हलवली. आम्ही निघालो. दारापर्यंत आल्यावर मागून प्रश्न आला, "गाडी झाली का?"

"झाली. पण तुम्ही बसल्याशिवाय पुरी होत नाही."

हात बरा व्हायला अडीच महिने गेले. मग एका बुधवारी दुपारी, गोदामातले लोक जेवायला गेले असताना, ग्रंथपाल आले. मास्तरांनी शटर अर्ध्यावर ओढलं. गाडी सरळ धरायला तिसरा माणूस लागतो, म्हणून मला बोलावलं होतं. मी हँडल धरून उभा राहिलो. ग्रंथपाल हेल्मेट घालून बसले. मास्तर जमिनीवर टेकले, टेप लावली, कडी आवळली, पुन्हा टेप लावली. वजनाचा शब्दही निघाला नाही. काढायची गरज पहिल्या दिवशीही नव्हतीच. आकडा टेपवर होता.

"तेहतीस," मास्तर म्हणाले. "बसली."

ग्रंथपालांनी गाडी चौकापर्यंत नेऊन परत आणली. म्हणाले, "आता रस्त्याला धरून राहते." मास्तरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला, प्यायले आणि गेले. नंतर ते दर सहा महिन्यांनी येत राहिले, नेहमी बुधवारी.

गॅरेज पुन्हा रविवारी उघडायला लागलं, पण मास्तर आता आतून ओरडत नाहीत. बाहेर येतात, नमस्कार करतात, माणसाला बसवतात, मोजतात. अड्ड्यातले चारजण यायचे बंद झाले. मजा राहिली नाही म्हणतात. मास्तरांनी एकालाही परत बोलावलं नाही.

ग्रंथपाल मला कधीकधी सिग्नलला भेटतात. हेल्मेटची काच वर करून मान हलवतात. मीही हात उंचावतो. मास्तरांनी जशीतशी का होईना, माफी मागितली. मी त्या दिवशी त्या खोलीत पुस्तकांच्या ढिगाशी उभा होतो, तोंड होतं, वेळ होता, आणि मी काही बोललो नाही. हँडल धरून उभा होतो तेव्हाही नाही. त्याला आता तीन वर्षं झाली.