एडनाच्या खिडक्या

चूक ही गोष्ट देवाने इतर माणसांसाठी निर्माण केली आहे, अशी आमच्या थोरल्या साडूंची वयाच्या पन्नाशीपर्यंत प्रामाणिक समजूत होती. यात गर्व नव्हता. उंच माणसाला आपली उंची जशी सहज वाटते, तसं त्यांना आपलं बरोबर असणं सहज वाटे. एकदा आम्ही सगळे त्यांच्या गाडीतून कोलोरॅडोचे डोंगर बघायला निघालो होतो. संध्याकाळ होत आली तेव्हा ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, हळूच म्हणाल्या, "अहो, आपण पश्चिमेला चाललोय ना? मग सूर्य पाठीमागे कसा?" साडूंनी आरशात मावळता सूर्य नीट पाहून घेतला आणि म्हणाले, "रस्ता वळला असन." कॅन्ससमध्ये रस्ता वळत नाही. तो एका क्षितिजातून निघतो आणि दुसऱ्यात शिरतो, मधे फक्त गहू असतो. त्या दिवशी आम्ही डोंगर पाहिले नाहीत, पण रस्ता चुकलो असंही शेवटपर्यंत ठरलं नाही.

ते नागपूरचे. भूल देणारे डॉक्टर म्हणून अमेरिकेत आले आणि गव्हाच्या शेतांमध्ये एकट्याच उभ्या असलेल्या एका छोट्या गावातल्या इस्पितळात रुजले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला त्याच गावातल्या विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आम्हा नवरा-बायकोची पहिली दोन वर्षं त्यांच्या तळघरात गेली. मी त्यांना भाऊसाहेब म्हणत असे. ते मला नुसतं 'साडू' म्हणत, जणू काही ते माझं पाळण्यातलं नाव होतं. त्या गावचा उन्हाळा कडक. दक्षिणेकडून वारा सुटायचा तो भट्टीचं दार उघडल्यासारखा, आणि जूनमध्ये कापणी सुरू झाली की हवेत भुसा भरून राहायचा. पण भाऊसाहेबांना तो उन्हाळा कधी पटलाच नाही. "हे काय ऊन आहे? ऊन पाहाचं तर मे महिन्यात आमच्या नागपूरले या," असं ते इस्पितळातल्या नर्सना इंग्रजीत समजावत, आणि तरीही लू लागू नये म्हणून कोटाच्या खिशात एक सोललेला कांदा बाळगत. डॉक्टर येण्याआधी त्यांचा वास येतो, असं गावात म्हणत, पण प्रेमाने म्हणत.

त्या उन्हाचं मात्र त्यांना कधी भय वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष असे दुपारनंतर पश्चिमेला फुगत जाणाऱ्या ढगांकडे. गावात आले त्याच वर्षी त्यांनी शेतापलीकडून जाणारा एक टोर्नेडो पाहिला होता. कुणाचं नुकसान झालं नाही, पण हत्तीच्या सोंडेसारखी ती वस्तू जमीन चाचपडत निघून गेली आणि जाताना भाऊसाहेबांच्या मनात कायमची शिरली. मग त्यांनी त्या विषयाचा जो अभ्यास केला, तो भूलशास्त्राचाही केला नसेल. गावाच्या पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजला की आमच्या तळघरात, म्हणजे प्रत्यक्षात आमच्या पलंगावर, सगळं घर येऊन बसे. नैऋत्येचा कोपरा सर्वांत सुरक्षित असं त्या काळी सांगत, आणि त्या कोपऱ्यात आमचा पलंग होता. वर फुटलेल्या काचा पडलेल्या असतील म्हणून प्रत्येकाने पायात बूट घालूनच बसायचं, हा त्यांचा नियम. शेजारच्या फळीवर ताईंचे देव होते. "देवासमोर बूट?" असं ताईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "देवालेही बूट घालून दिले असते, त्याच्या मापाचे भेटत नाहीत." त्यांची शाळेत जाणारी मुलगी दर वेळी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "डॅड, इट्स जस्ट रेन!" आणि बहुतेक वेळा तो नुसता पाऊसच असायचा.

पण त्यांचा खरा सिद्धांत खिडक्यांचा होता. टोर्नेडो आला की बाहेरचा हवेचा दाब एकदम घटतो, घरातली हवा कोंडते आणि घर आतून फुटतं. म्हणून भोंगा झाला की आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, मग खाली जायचं. हे त्यांनी शोधलं नव्हतं, त्या काळी सगळीकडेच असं सांगितलं जाई. पण त्याचा प्रचार त्यांच्याइतका कुणी केला नसेल. चर्चच्या हॉलमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, ऑपरेशनला निघालेल्या रोग्यापाशीसुद्धा ते कागदी पिशवी फुगवून फाटकन फोडून दाखवत आणि म्हणत, "हे तुमचं घर."

शेजारच्या घरात एडना राहायची. नवरा, वॉल्टर, वारल्यावर शेत विकून ती गावात राहायला आली होती. ऐंशीच्या पुढे वय, पाठीत वाकलेली, पण आवाज शेतावरचा. ती भाऊसाहेबांचं ऐकेना. "डॉक," ती म्हणायची, "मी जन्मभर खिडक्या लावून वादळं काढली. घर फुटलं नाही." भाऊसाहेबांनी तो सगळा उन्हाळा तिच्या ओट्यावर बसून काढला. किती पिशव्या फुटल्या असतील, देव जाणे. शेवटी शरद ऋतूच्या तोंडाशी ती कंटाळून म्हणाली, "बरं बाबा, तू डॉक्टर आहेस. तू म्हणतोस तर उघडीन." त्या दिवशी भाऊसाहेब घरी आले ते युद्ध जिंकल्यासारखे.

मग एका वसंतात अग्निशमन केंद्रात हवामान खात्याचा एक तरुण माणूस व्याख्यान द्यायला आला. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, मी शेजारी. तो शांतपणे म्हणाला, "खिडक्या उघडायच्या भानगडीत पडू नका. घर दाबाने फुटत नाही, वारा आत घुसून ते मोडतो. आणि खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस काचांनी कापला जातो. नैऋत्येच्या कोपऱ्यातही काही विशेष नाही." भाऊसाहेब उठले. त्यांनी पिशवीचं उदाहरण दिलं. तो पोरगा उद्धट नव्हता, त्याने पडलेल्या घरांचे फोटो एकेक करून दाखवले. भाऊसाहेबांनी ते जवळून पाहिले, परत प्रश्न विचारले, परत पाहिले. हळूहळू त्यांचे प्रश्न संपले.

त्यानंतर काही दिवस ते जेवणात लक्ष नसल्यासारखे जेवत होते. एका रविवारी सकाळी ताई पोहे परतत होत्या. भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकलो." ताईंनी आधी गॅस बंद केला. मग विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

त्या दिवशी आमचा पलंग नैऋत्येच्या कोपऱ्यातून जिन्याखाली गेला, आणि भाऊसाहेब मला घेऊन गावात निघाले. दारोदार जाऊन त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं, खिडक्यांच्या जवळ जाऊ नका, सरळ खाली जा. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही फारसा नाही. गंमत अशी की न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे ओशाळून म्हणाले, "डॉक, खरं सांगायचं तर आम्ही कधी उघडल्याच नव्हत्या." भाऊसाहेबांना हे लागलं आणि बरंही वाटलं. पण एडनाकडे आलो तेव्हा ती म्हणाली, "मी मात्र दर वेळी उघडते हं. तू सांगितलंस तशी."

तोपर्यंत एडनाचं विसरणं सुरू झालं होतं. भाऊसाहेबांनी सगळं समजावलं, तिने मान डोलावली, "वॉल्टरलाही सांगते" म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात आभाळ भरून आलं, भोंगा झाला आणि आम्ही पाहिलं तर एडना लगबगीने एकेक खिडकी वर सरकवत होती. इतक्या कष्टाने शिकवलेला पहिला धडा तिच्या डोक्यात पक्का बसला होता, दुसऱ्याला तिथे जागाच उरली नव्हती. खिडक्यांवर चिठ्ठ्या चिकटवून पाहिल्या, तिने त्या काढून नीट घडी घालून ठेवल्या. खिळे ठोकावेत तर तिच्या घरात एअर कंडिशनर नव्हता, त्या उन्हाळ्यात ती गुदमरली असती. मुलगा दूर राहायचा, तो फोनवर "येस, येस" म्हणायचा.

मग भाऊसाहेबांनीच मार्ग काढला. भोंगा झाला की आम्हाला खाली पाठवून ते स्वतः कुंपणाच्या फटीतून एडनाकडे पळत आणि तिला तिच्या तळघरात घेऊन जात. ताई एकदा चिडून म्हणाल्या, "गावभर सांगत फिरता, भोंगा झाला की घराबाहेर पाऊल टाकू नका. आणि तुम्ही?"

"ती आपल्या मतानं वागून राहिली असती तर गेलो नसतो," भाऊसाहेब म्हणाले. "ती माझ्या मतानं वागून राहिली."

पुढच्या वेळेपासून ताई त्यांचे बूट दाराशी काढून ठेवू लागल्या, नाड्या सैल करून.

आणि मग जूनमधली ती दुपार आली. गावाच्या एका बाजूची कापणी झाली होती. दिवसभर पान हललं नव्हतं. चार वाजल्यानंतर पश्चिमेला ढग चढत गेले, आणि त्यांच्या पोटाखालचा उजेड शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवा झाला. भोंगा झाला तेव्हा भाऊसाहेब बूट घालूनच उभे होते. मी म्हटलं, "आज मी जातो." ते म्हणाले, "तुम्हाले ती दार नाही उघडणार, साडू. तुम्ही हिले पाहा." आणि गेले.

आम्ही जिन्याखाली बसलो. माझ्या बायकोने ताईंचा हात धरला होता, मुलगी या वेळी भिंतीकडे वळली नव्हती. दिवे गेले. कानांना दडे बसल्यासारखं झालं. नंतर जो आवाज आला त्याला लोक आगगाडीचा आवाज म्हणतात, पण मला तो आवाज वाटलाच नाही, डोक्यावरचं घर कुणीतरी दातांनी ओढतंय असं वाटलं. ताई मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या आणि त्यांचे ओठ हलताना दिसत असूनही मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग ते एकाएकी थांबलं आणि रामरक्षा ऐकू आली.

वर आलो. आमचं छप्पर अर्धं उडालं होतं, गॅरेज नव्हतं. स्वयंपाकघरभर काचा होत्या. आम्ही धावत बाहेर आलो आणि कुंपणाशी थबकलो, कारण पुढे कुंपणही नव्हतं आणि एडनाचं घरही नव्हतं. जोत्यावर फळ्यांचा ढीग होता आणि त्यात आंघोळीचा पांढरा टब तेवढा जागच्या जागी होता. ताई त्या ढिगावर चढल्या. जन्मात कधी नवऱ्याला नावाने हाक न मारलेल्या त्या बाईने त्या दिवशी त्यांचं नाव घेऊन हाका मारल्या, पुन्हा पुन्हा, लहान मुलाला अंगणातून बोलवावं तशा.

खालून भाऊसाहेबांचा आवाज आला, "सावकाश या. खिळे आहेत."

शेजारपाजारचे धावले, फळ्या बाजूला काढल्या. वॉल्टरच्या जुन्या कामाच्या टेबलाखाली दोघं होते. एडनाला ओरखडाही नव्हता. भाऊसाहेबांच्या उजव्या मनगटाभोवती तिचा एप्रन घट्ट गुंडाळलेला होता आणि तो लाल झाला होता. ते पोचले तेव्हा ती दिवाणखान्यातली शेवटची खिडकी वर ढकलत होती. त्यांनी तिला कवेत घेऊन मागे ओढलं त्याच वेळी काच आत आली.

एडनाने वर पाहिलं. जिथे तिचं घर होतं तिथे आता आभाळ होतं, धुतल्यासारखं स्वच्छ. ती बराच वेळ पाहत राहिली. मग भाऊसाहेबांची बाही ओढून तिने काळजीने विचारलं, "डॉक, मला उशीर झाला का? सगळ्या उघडून झाल्या नव्हत्या. म्हणून गेलं का घर?"

कुणाच्या समाधानासाठी एक शब्द इकडचा तिकडे न करणारा तो माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते पांढरेफटक पडले होते, ते रक्त गेल्यामुळेच असं मला तेव्हा वाटलं. ते म्हणाले, "नाही एडना. तू सगळं बरोबर केलंस. वेळेवर केलंस."

ती समाधानाने हसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

मनगटातल्या शिरा आणि स्नायूंचे दोर तुटले होते. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं. हात वाचला, पण अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट पुन्हा नीट जमली नाही, आणि भूल देणाऱ्याचं सगळं त्या चिमटीत असतं. त्यांनी ऑपरेशन थिएटर सोडलं. इस्पितळाने नर्सना शिकवायचं काम दिलं, ते त्यांनी मन लावून केलं. या विषयावर मी त्यांना कधी हळहळताना ऐकलं नाही. एडनाला तिच्या मुलाने दूरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. भाऊसाहेब रविवारी गाडी काढून तिला भेटायला जात. शेवटी शेवटी ती त्यांना वॉल्टर म्हणायची. ताईंनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणता?" तर म्हणाले, "ओ देतो." दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली.

तिच्या घराची जागा कुणी विकत घेतली नाही. ढिगारा उचलला, जोतं भरून टाकलं, वर गवत आलं. आम्हाला व्हर्जिनियात नोकरी मिळाली आणि आम्ही गाव सोडलं ती उन्हाळ्यातली सकाळ होती. सामान गाडीत भरून आम्ही निरोप घ्यायला भाऊसाहेबांना शोधू लागलो तर ते त्या मोकळ्या जागेत गवत कापायचं यंत्र ढकलत होते, उजव्या हाताचा नुसता तळवा दांड्यावर टेकवून. एके ठिकाणी एडनाने कधीतरी लावलेल्या आयरिसच्या फुलांचे कंद पुन्हा उगवले होते. तिथे यंत्र थांबवून, वळसा घालून ते पुढे जात.

आम्हाला पाहून यंत्र बंद करून ते गाडीपाशी आले. माझी बायको वाकून नमस्कार करायला लागली तर घाम आलाय म्हणून मागे सरकले. "भाऊजी, उन्हात कशाला?" ती म्हणाली. "आपली जागा पण नाही."

"गवत वाढते," ते म्हणाले. मग खिडकीतून डोकं आत घालून माझ्याकडे पाहिलं. "तिकडे अशी वादळं नाहीत म्हणतात. बरं आहे. पोचले की फोन करजा."

मी गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकाशी वळताना पाहिलं, ते पुन्हा यंत्रापाशी जाऊन उभे होते. ते सुरू व्हायला वेळ घेत होतं. दोरी ते डाव्या हाताने ओढत होते, सावकाश, न चिडता, पुन्हा पुन्हा.