माझ्या गालातला निळा ठिपका

मी कॉलेजच्या लॅबचा शिपाई, चौथी नापास. इतकी वर्षं काचपट्ट्या धुतल्या, पण मायक्रोस्कोपात कधी डोकावलो नव्हतो. काल आर्ट्सच्या पोरी लॅब बघायला आल्या होत्या, पण पेशी बघायला गाल आतून खरवडायला लाजत होत्या, म्हणून मॅडमनी काडी माझ्याच गालात फिरवली, पट्टीवर निळा रंग टाकला आणि म्हणाल्या, "मामा, आधी तुम्हीच बघा."

"अरे बापरे, जंतू. केवढा काळा," मी म्हणालो.

"मामा, तो तुमच्या पापणीचा केस आहे."

पोरी हसल्या, पण हसत हसत रांगेतही आल्या. मग मला माझी पेशी दिसली, निळी, मधोमध ठिपका. असल्या कितीतरी माझ्यात न सांगता राबतायत, आणि मालक दिवसभर स्टुलावर.

संध्याकाळी सगळ्या पट्ट्या धुतल्या. तेवढी एक धुवायला हात धजेना. कॉलेजात माझ्यात काहीतरी सापडलं, ते पहिल्यांदाच.